यंत्र ‘एरर’ म्हणते तेव्हा

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका तलावाच्या पाळीवर मोहाचे एक जुने झाड आहे. अकरावीच्या मुलांना त्रिकोणमितीचा प्रत्यक्ष उपयोग दाखवावा म्हणून आम्ही त्यांना तेथे नेले होते. साहित्य नेहमीचेच : फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक, दोरा, दोऱ्याला बांधलेला ओळंबा, लांब टेप आणि मुलांनीच घरून आणलेली दोन सायंटिफिक कॅल्क्युलेटर. ही यंत्रे बहुधा पॉलिटेक्निकला गेलेल्या थोरल्या भावाची किंवा बहिणीची असतात. तिसऱ्या गटाकडे यंत्र नव्हते. त्यांनी लॉग टेबलचे पुस्तक आणले होते.

बुंध्यापासून २० मीटरवर उभे राहून तिन्ही गटांनी शेंड्याचा उन्नत कोन मोजला. दोन-तीनदा मोजून सगळ्यांचे ३२ अंशांवर एकमत झाले. डोळ्याची उंची शेवटी मिळवायची होती. आधी काढायचे होते २० गुणिले टॅन ३२. लॉग टेबलवाल्या गटाने टॅन ३२ साठी ०.६२४९ ही किंमत शोधली आणि १२.५ मीटर हे उत्तर काढले. पहिल्या यंत्राच्या पडद्यावर ‘सिंटॅक्स एरर’ अशी अक्षरे आली. दुसऱ्या यंत्राने १३.२२ मीटर असे सांगितले.

साहजिकच सगळे ‘एरर’वाल्या गटाभोवती जमले. बटणे दाबणारी मुलगी ओशाळून गेली. खरे तर चूक तिची नव्हती, आमची होती. “आधी ३२ दाब, मग टॅन” असे आम्हीच तिला सांगितले होते. आमच्या विद्यार्थिदशेतल्या यंत्रांवर तसेच करावे लागे. अलीकडच्या यंत्रांवर आपण वहीत लिहितो त्याच क्रमाने, आधी टॅन आणि मग ३२, असे दाबायचे असते. हे लक्षात आल्यावर दोन मिनिटांत त्या गटाचेही उत्तर १२.५ आले.

या गडबडीत १३.२२ या उत्तराकडे कोणाचेच लक्ष नव्हते. त्यात विचित्र असे काही दिसत नव्हते. मोहाचे झाड तेवढे उंच असू शकते. कोणीतरी तिन्ही उत्तरांची सरासरी काढायला सुचवले, आणि प्रयोगात थोडा फरक पडायचाच, असे म्हणून आम्हीही मान डोलावली. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “पण सर, कोन तोच, अंतर तेच, मग उत्तर वेगळं कसं आलं?” याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. एक मुलगा म्हणाला, “रिसेट मारून पाहा ना सर.” त्याने दोन-तीन बटणे दाबली, गणित पुन्हा केले आणि १२.५ आले. यंत्र दुरुस्त झाले म्हणून सगळे खूश झाले. यंत्राला झाले काय होते, हे मात्र आता कळण्याचा मार्ग उरला नव्हता. रिसेटने तो पुरावाच पुसून टाकला होता.

रात्री घरी बसून आम्ही उलट्या दिशेने शोध घेतला. यंत्र रेडियनमध्ये लावले आणि टॅन ३२ काढले. उत्तर आले ०.६६१०, आणि त्याला २० ने गुणले की बरोबर १३.२२! कोन अंशांत होता आणि यंत्र तो रेडियनमध्ये समजत होते. ३२ रेडियन म्हणजे पाच पूर्ण फेऱ्या आणि वर ०.५८४ रेडियन, म्हणजेच सुमारे साडेतेहेतीस अंश. आमच्या ३२ अंशांच्या इतक्या जवळ हा कोन पडला हा निव्वळ योगायोग. ३० चा कोन असता तर यंत्राने −६.४०५ सांगितले असते, उंची ऋण आली असती आणि मुलांनीच आरडाओरडा केला असता. ४५ चा असता तर १ च्या जागी १.६२ आले असते. ३२ मुळे मात्र चूक खऱ्या उत्तराचे सोंग घेऊन समोर आली. पडद्याच्या वरच्या कडेला बारीक अक्षरात ‘आर’ तेवढे लिहिलेले असणार. ते कोण पाहतो?

त्या दिवशी ज्या यंत्राने ‘एरर’ म्हटले त्याने आमचे काहीच बिघडवले नाही. ज्याने काही म्हटले नाही, त्याने झाडाची उंची पाऊण मीटरने वाढवून दिली. तरी आम्ही घाबरलो ते पहिल्या यंत्राला. तेव्हापासून ही ‘एरर’ची दोन-दोन शब्दांची वाक्ये आम्ही जरा निरखून वाचू लागलो. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या वाक्यांचेही करायला हवे, असे आमचे मत झाले आहे. शाळेत कॅल्क्युलेटरला फारसा हात न लावलेली मुले दहावीनंतर पॉलिटेक्निकला जातात. तेथे प्रोग्राम न करता येणारे कॅल्क्युलेटर वापरण्याची मुभा प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. म्हणजे या मुलांना यंत्राची भाषा शिकावी लागते ती परीक्षेच्या तोंडावर, आणि घरी मराठी, पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला ‘सिंटॅक्स’ या शब्दाचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. पडद्यावर ‘एरर’ आले की तो ते आपल्या अकलेवरचे भाष्य समजतो आणि घाईघाईने पुसून टाकतो.

‘सिंटॅक्स’ म्हणजे वाक्यरचना. मराठीच्या तासाला हा विषय मुलांनी शिकलेला असतो. ‘आंबा ला खातो राम ने’ हे वाक्य नाही, कारण त्याची रचनाच मोडकी आहे. ‘दगड आंबा खातो’ याची रचना ठीक आहे, पण त्याला अर्थ नाही. रामने केळे खाल्ले असताना ‘रामने आंबा खाल्ला’ म्हटले तर रचना ठीक, अर्थही ठीक, पण विधान खोटे. यंत्राच्या बाबतीत पहिल्या प्रकाराला ‘सिंटॅक्स एरर’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘मॅथ एरर’. तिसऱ्या प्रकाराला यंत्राजवळ शब्दच नाही. कारण राममनात काय होते, म्हणजे आपल्या मनात कोणते गणित होते, हे त्याला कळत नाही. वर्गात हे तीन दाखले दिले की मुलांच्या मनातली निम्मी भीती जाते, असा आमचा अनुभव आहे.

‘सिंटॅक्स एरर’बद्दल आमची तक्रार थोडी आहे. हा संदेश आल्यावर बहुतेक मुले एसी दाबून सारे पुसतात आणि पुन्हा पहिल्यापासून आकडे भरतात. त्याऐवजी डावीकडचा किंवा उजवीकडचा बाण दाबला, तर कॅसिओच्या एफएक्स-८२ एमएससारख्या यंत्रांवर आपण भरलेले गणित पुन्हा दिसते आणि कर्सर अडचणीच्या जागी जाऊन उभा राहतो. ही सोय फार चांगली आहे आणि ती माहीत नसल्याने तासन्‌तास वाया जातात. मात्र कर्सर जेथे थांबतो ती यंत्र अडखळल्याची जागा. माणूस चुकल्याची जागा तीच असेल असे नाही. ‘५ + ३) × २’ असे भरले तर यंत्र बंद कंसापाशी अडते. चूक झालेली असते ती सुरुवातीला, उघडा कंस विसरल्यामुळे. ठेच लागली ती जागा आणि पाऊल चुकले ती जागा यांत अंतर असू शकते.

‘स्टॅक एरर’ क्वचित दिसतो. गुणाकार-भागाकार आधी आणि बेरीज-वजाबाकी नंतर, या नियमामुळे यंत्राला काही आकडे आणि क्रिया थोपवून धराव्या लागतात. गोंदियाच्या भातगिरणीत पोत्यांची थप्पी लावतात तशी ही थप्पी असते. शेवटी ठेवलेले पोते आधी निघते. वर सांगितलेल्या यंत्रात आकड्यांची थप्पी १० आणि क्रियांची २४ इतकीच उंच लावता येते. कंसांत कंस घालत गेले की ती भरते. गणिताचे दोन तुकडे करावेत, म्हणजे झाले.

खरा आक्षेप आहे तो ‘मॅथ एरर’वर. १ भागिले ०, ऋण ४ चे वर्गमूळ, शून्याचा लॉग, टॅन ९० अंश आणि ७० चे क्रमगुणित ही पाच गणिते यंत्रावर करून पाहा. पाचही वेळा तेच दोन शब्द येतात. पण या पाच गोष्टी एका जातीच्या आहेत काय? १ भागिले ० या प्रश्नालाच अर्थ देता येत नाही. ऋण ४ च्या वर्गमुळाला अर्थ आहे, फक्त ते वास्तव संख्यांत सापडत नाही. संमिश्र संख्यांत गेले की मिळते, आणि हे अकरावीच्या मुलांना शिकवावेच लागते. ७० च्या क्रमगुणितात तर काहीच वावगे नाही. १ पासून ७० पर्यंतच्या संख्यांचा तो साधा गुणाकार आहे. त्याचे उत्तर १० च्या शंभराव्या घाताच्या पुढे जाते आणि यंत्राला घातांकासाठी दोनच घरे असल्यामुळे ते मांडता येत नाही. येथे गणित चुकलेले नाही, यंत्र तोकडे पडले आहे. तरी ते म्हणते ‘मॅथ एरर’! आपली असमर्थता त्याने गणिताच्या माथी मारली आहे.

आणि मुले ते खरे मानतात. ‘टॅन ९० अंशाची किंमत किती?’ या प्रश्नाला ‘एरर’ असे उत्तर लिहिलेले आम्ही पाहिले आहे. टॅन ९० ची व्याख्या करता येत नाही, कारण तेथे कोसाइन शून्य होतो आणि शून्याने भागावे लागते. एवढे वाक्य त्या एका शब्दाने गिळून टाकले.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथकारांनी या बाबतीत यंत्रापेक्षा जास्त काळजी घेतली होती. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याने भागण्याचा नियम करून पाहिला. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे त्याने ठरवले, जे आज आपण मानत नाही. नवव्या शतकात महावीराचार्यांनी शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते असे लिहिले, तेही चुकले. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ असे स्वतंत्र नाव दिले आणि तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. ऋण संख्येच्या वर्गमुळाबद्दल मात्र महावीराचार्य आणि भास्कराचार्य दोघेही निराळे कारण देतात : ऋण संख्या हा कोणत्याच संख्येचा वर्ग नसतो, म्हणून तिला मूळ नाही. उत्तरे आजच्या कसोटीला सगळी उतरत नाहीत. पण दोन अडचणी वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचे कारण वेगळे सांगितले पाहिजे, हे त्यांना कळत होते. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

लहान पडद्यावर जास्त अक्षरे मावत नाहीत, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. १९८८ मध्ये आलेल्या एचपी-३२एस या कॅल्क्युलेटरचा पडदा एकाच ओळीचा होता. तरी शून्याने भागले तर ‘डिव्हाइड बाय झीरो’, शून्याचा लॉग विचारला तर ‘लॉग झीरो’ आणि उत्तर आवाक्याबाहेर गेले तर ‘ओव्हरफ्लो’ असे निरनिराळे संदेश ते देत असे. संगणकांसाठी १९८५ मध्ये ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकातही अवैध क्रिया, शून्याने भागाकार, फार मोठे उत्तर, फार लहान उत्तर आणि अंदाजित उत्तर असे पाच प्रसंग वेगळे मानले आहेत. तेव्हा भेद करता येत नव्हता असे नाही. शाळेच्या दप्तरात जाणाऱ्या स्वस्त यंत्राला तो सांगण्याची गरज वाटली नाही, एवढेच. आणि ज्यांना तो कळण्याची सर्वांत जास्त गरज, ती मुले हेच यंत्र वापरतात.

‘फार लहान उत्तर’ या प्रसंगाची गंमत पाहा. उत्तर फार मोठे झाले की आपले यंत्र ओरडते, पण फार लहान झाले की गुपचूप शून्य करून टाकते. प्लँकचा स्थिरांक ६.६२६ गुणिले १० चा ऋण ३४ वा घात आहे. त्याचा घन २.९ गुणिले १० चा ऋण १०० वा घात इतका भरतो, आणि यंत्राची खालची मर्यादा आहे ऋण ९९ वा घात. म्हणून पडद्यावर येते ०. कसलीही सूचना नाही. पुढच्या पायरीत या ‘शून्या’ने भागले की ‘मॅथ एरर’ येते आणि विद्यार्थी भागाकारात चूक शोधत बसतो. पदवीच्या भौतिकशास्त्रात हा घन खरोखरच लागतो. अशा वेळी घातांक कागदावर वेगळे हाताळावेत आणि यंत्राकडून फक्त आधीच्या आकड्यांचा गुणाकार करून घ्यावा.

मुकाट चुकणारी आणखी दोन गणिते नेहमी भेटतात. अंशस्थानी २५ आणि छेदस्थानी २ × ५ असा अपूर्णांक मुले ‘२५ ÷ २ × ५’ असा भरतात. यंत्र ६२.५ म्हणते, हवे असते २.५. वहीतली आडवी रेघ कंसाचेही काम करत होती, हे बटणे दाबताना ध्यानात राहत नाही. तसेच १६ + ९ चे वर्गमूळ. सरळ एका ओळीत लिहिणाऱ्या यंत्रावर कंस न घालता भरले तर ५ ऐवजी १३ येते. दोन्ही वेळा यंत्राने दिलेल्या वाक्याचे इमानाने पालन केलेले असते.

यंत्र स्वतःच चुकीचे असण्याची उदाहरणे थोडी असली तरी आहेत. खिशात मावणारे पहिले सायंटिफिक कॅल्क्युलेटर म्हणजे १९७२ चे एचपी-३५. त्याला ३५ बटणे होती आणि किंमत ३९५ डॉलर. अशक्य गणित दिले की त्याचा पडदा उघडझाप करी. पण २.०२ चा नैसर्गिक लॉग घेऊन लगेच उलट क्रिया केली, तर २.०२ परत येण्याऐवजी नुसते २ येत असत, आणि पडदा शांत! हा दोष उघडकीला आला तेव्हा सुमारे २५,००० यंत्रे विकली गेली होती. कंपनीने ग्राहकांना कळवून यंत्र बदलून देण्याची तयारी दाखवली. दोष सापडला तो केवळ क्रिया आणि उलट क्रिया करून पाहण्याच्या सवयीमुळे सापडू शकतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वर्गमूळ काढले की वर्ग करून पाहावा. टॅनचा कोन काढला की त्याचा टॅन काढावा.

आता यंत्राबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेबद्दल. एफएक्स-८२ एमएसच्या पुस्तिकेत अडचण आल्यास काय करावे याच्या पायऱ्या दिल्या आहेत. पहिली पायरी : सर्व मोड मूळ स्थितीला आणा. दुसरी : आपले सूत्र बरोबर आहे का ते तपासा. तिसरी : योग्य मोड लावून गणित पुन्हा करा. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम सोयीचा असेल, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो उलटा आहे. तलावाच्या पाळीवर त्या मुलाने केले ते नेमके पुस्तिकेबरहुकूमच होते! मोड आधी पुसला की यंत्र अंशांवर येते, उत्तर सुधारते आणि चुकीचे कारण कायमचे नाहीसे होते. पुढच्या वेळी तोच मुलगा परीक्षेत पुन्हा रिसेट करील, किंवा ३२ सारखा फसवा कोन आला तर तेही करणार नाही. आमच्या मते आधी पडद्याच्या कडेची अक्षरे वाचावीत, ‘डी’ आहे, ‘आर’ आहे की ‘जी’. मग टॅन ४५ काढून पाहावे. १ आले नाही तर मोड बदललेला आहे. त्यानंतर सूत्र तपासावे. रिसेट अगदी शेवटी, आणि तोही वहीत आधीची स्थिती लिहून ठेवल्यावर.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात एक तास यालाच दिला. मुद्दाम चुका करायच्या, संदेश वहीत उतरवायचा आणि त्याच्यासमोर यंत्राने खरे तर काय म्हणायला हवे होते ते मराठीत लिहायचे. ‘शून्याने भागायला सांगू नका’, ‘हे मूळ वास्तव संख्यांत नाही’, ‘मूठभर धानाला पोते पुरते, डोंगराला नाही’ अशी वाक्ये मुलांनी लिहिली. शेवटचे ७० च्या क्रमगुणितासाठी होते.

त्यावरून लॉग टेबलवाला गट इरेला पेटला. ६९ चे क्रमगुणित यंत्र देते : १.७११२ गुणिले १० चा ९८ वा घात. त्याचा लॉग ९८.२३३३. त्यात ७० चा लॉग, १.८४५१, मिळवला. बेरीज १००.०७८४. ०.०७८४ चा प्रतिलॉग पुस्तकात पाहिला, तो १.१९८ निघाला. म्हणजे उत्तर १.१९८ गुणिले १० चा शंभरावा घात, एकशे एक अंकी संख्या. फळ्यावर ती लिहिताना शून्ये दुसऱ्या ओळीत न्यावी लागली.